पेटी-कासवाचें पिल्लूं

संतवाङ्मयांत कासवीच्या दृष्टीची उपमा वारंवार येते. कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाहीं कीं चारा भरवीत नाहीं. ती दुरून त्यांच्याकडे पाहते आणि त्या प्रेमळ दृष्टीनेंच पिलें वाढतात, अशी ती कल्पना आहे. उपमा अतिशय गोड आहे, आणि वात्सल्याचें चित्र म्हणून तिला तोड नाहीं. परंतु सृष्टींत डोकावून पाहिलें तर प्रकार अगदीं उलट दिसतो. कासवी जमिनींत खळगा करते, त्यांत अंडीं घालते, मागच्या पायांनीं वर माती लोटते आणि आपल्या वाटेनें निघून जाते. पुढें पिलें माती उकरून वर येतात, तेव्हां आई कोठें आहे हें त्यांना ठाऊक नसतें, आणि आपलीं पिलें जन्मलीं हें तिलाहि ठाऊक नसतें. कासवाच्या कुळांत पोरकेपण जन्मापासूनच असतें. तेव्हां असल्या एखाद्या पोरक्या पिलाला वाढविण्याचें कोणी मनावर घेतलें, तर संतांच्या कासवीचें काम त्या माणसाला करावें लागतें. आणि तें वाटतें तितकें सोपें नाहीं.

येथें ज्या कासवाची हकीकत सांगावयाची आहे, तें आपल्या देशांतलें नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्वेकडील रानांत, ओढ्याकांठच्या झाडींत आणि घरांमागल्या बागांतून तें आढळतें. इंग्रजींत त्याला बॉक्स टर्टल म्हणतात. आपण त्याला पेटी-कासव म्हणूं. त्याच्या शास्त्रीय नांवांतील ‘कॅरोलिना’ हें पद लिनीअस यानें १७५८ सालीं दिलेलें आहे. उत्तर कॅरोलिना संस्थानानें १९७९ सालीं आणि टेनेसी संस्थानानें १९९५ सालीं आपला मानाचा सरपटणारा प्राणी म्हणून याच कासवाची निवड केली. पूर्ण वाढलेलें कासव पांच-सहा इंच लांबीचें असतें. पाठ घुमटासारखी उंच, आणि तपकिरी रंगावर पिवळ्या-नारिंगी रेघांची अशी नक्षी कीं दोन कासवांची नक्षी सहसा सारखी दिसत नाहीं. पानगळीच्या रानांत, जेथें जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले असतात, तेथें ही नक्षी त्याला पार लपवून टाकते.

त्याचें खरें वैशिष्ट्य मात्र पोटाकडे आहे. पोटाखालच्या कवचाला आडवी बिजागरी असते, आणि तिच्यामुळें कवचाचा पुढला व मागला असे दोन्ही भाग झडपांसारखे वर उचलून पाठीच्या कवचाला घट्ट मिटतां येतात. स्थितप्रज्ञाचें लक्षण सांगतांना गीतेनें कासवाचा दृष्टांत घेतला आहे, तो सर्वांना परिचितच आहे. तो दृष्टांत कोणत्याहि कासवाला लागू पडतो. पण इतर कासवें अवयव आंत ओढून थांबतात, आणि हें कासव अवयव आंत ओढून शिवाय दाराला कडी लावतें! आपल्याकडे तळ्याओढ्यांत जें मऊ पाठीचें कासव असतें, त्यालाहि पोटाकडे झडपा असतात. पण त्या केवळ मागच्या पायांपुरत्या. सर्व बाजूंनीं पेटी बंद करण्याची विद्या या अमेरिकन कासवाला विशेष साधली आहे. प्रौढ कासव असें मिटलें म्हणजे कुत्र्यानें जंगजंग पछाडलें तरी पुष्कळदां त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

पिलाला मात्र ही विद्या येत नाहीं. ती बिजागरी जन्मतः निरुपयोगी असते. काम देण्याइतकी ती तयार होण्यास कांहीं वर्षें जावीं लागतात. अंड्यांतून बाहेर पडलेलें पिल्लूं सव्वा इंचाचें, वजनानें तोळ्याहूनहि कमी, आणि कवच नखानें दाबलें तर दबेल इतकें नरम. उन्हाळ्याच्या आरंभीं घातलेलीं अंडीं साधारणपणें भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरांत, फुटतात. त्या अंड्यांतून नर निघावयाचा कीं मादी, हेंहि मातीच्या उबेवर ठरतें. थंडशा मातींत नर अधिक आणि उबदार मातींत माद्या अधिक. बाहेर आलेलें पिल्लूं पालापाचोळ्याखालीं जें दडी मारतें तें जवळजवळ दिसेनासेंच होतें. कावळा, उंदीर, साप, रॅकून, चिपमंक नांवाची तिकडील खार, मुंग्यासुद्धां त्याचा फन्ना उडवितात. प्रौढाला किल्ला आहे; पिलाला केवळ लपण आहे. पिलाच्या संगोपनाचे सगळे नियम या एका गोष्टींतून निघतात.

पण संगोपनापूर्वीं एक प्रश्न सोडविला पाहिजे. पिल्लूं आणावयाचें कोठून?

आज न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मेरीलंड अशा संस्थानांत मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. लेकीच्या किंवा सुनेच्या घरीं नातवंडांसाठीं म्हणून येथून आजी-आजोबा जातात. घरामागें झाडी असते. सप्टेंबरांतल्या एखाद्या ओल्या सकाळीं नातू पालापाचोळ्यांतून बंद्या रुपयाएवढें कासव उचलून आणतो आणि म्हणतो, “आजोबा, ह्याला आपण ठेवूं या ना!” आजोबांचें मन विरघळतें. देवळाच्या मंडपांतल्या दगडी कासवाला आयुष्यभर नमस्कार केलेला. आतां जिवंत कासव घरीं चालून आलेलें! परंतु अशा वेळीं योग्य उत्तर एकच आहे: “बाळ, जेथून आणलेंस तेथेंच, त्याच झुडपाखालीं, नेऊन ठेव.” हें उत्तर कठोर वाटेल, पण त्याला कारण आहे.

पेटी-कासवाची मादी वयांत येण्यास सात-आठ वर्षें, कित्येकदां दहाहूनहि अधिक वर्षें लागतात. एका वेळेस अंडीं घालावयाचीं तीं चार-पांच. त्यांतलीं पुष्कळशीं घरट्यांतच खाल्लीं जातात. उरलेल्यांतलीं बहुतेक पिलें पहिल्या एक-दोन वर्षांत नाहींशीं होतात. म्हणजे एका मादीनें आपल्या जागीं एक मादी उभी करावयाची, तर तिला कित्येक दशकें जगून दरसाल अंडीं घालीत राहावें लागतें. हा व्यवहार फार सावकाशीचा आहे. तो नुकसान सोसूं शकत नाहीं. मेरीलंडमधील पटक्सेंट येथील संशोधनकेंद्रांत ल्यूसिल स्टिकेल या विदुषीनें १९४० नंतरच्या दशकांत या कासवांचा अभ्यास आरंभिला. कवचाच्या कडेला खांचा पाडून तिनें एकेक कासव ओळखीचें करून ठेवलें, आणि १९५० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिला असें आढळलें कीं एकेका कासवाचा वावर साधारण शे-सव्वाशें यार्ड व्यासाच्या जागेंतच असतो, आणि तीच जागा तें वर्षानुवर्षें धरून राहतें. पुढें तीस वर्षांच्या नोंदी तिनें १९७८ सालीं मांडल्या, तेव्हां राखलेल्या रानांतहि त्यांची संख्या उतरल्याचें दिसून आलें. ही बाई पुढें त्याच केंद्राची संचालिका झाली, हें जातां जातां सांगण्यासारखें आहे. एकाच रानांत तीस वर्षें तींच कासवें मोजीत राहण्याची चिकाटी ही सामान्य गोष्ट नव्हे.

कासव आपल्या त्या शंभर यार्डांना इतकें चिकटलेलें असतें कीं त्याला दूर नेऊन सोडलें तर तें नव्या जागीं स्वस्थ बसत नाहीं. आपल्या घराचा शोध करीत भटकत सुटतें, आणि रस्त्यावर मोटारीखालीं सांपडतें. म्हणून तें रस्ता ओलांडतांना दिसल्यास ज्या दिशेला तोंड असेल त्याच बाजूला नेऊन ठेवावें, असें तेथील जाणते लोक सांगतात. ‘चांगल्या’ तळ्याकांठीं नेऊन सोडण्याचें पुण्य कोणी पदरीं बांधूं नये. रानांतलें पेटी-कासव उचलण्यास पुष्कळ संस्थानांत कायद्यानें बंदी आहे, आणि कांहीं ठिकाणीं पाळण्यासहि परवाना लागतो. परदेशांत होणाऱ्या त्यांच्या व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. तेव्हां पाळावयाचेंच तर पाळीव जोडप्याच्या अंड्यांतून निघालेलें पिल्लूं, तेंहि आपल्या संस्थानाचा कायदा पाहून घ्यावें. आपल्या देशांत तर ही वाट बहुतेक बंदच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं आपल्याकडील तारांकित कासव काय किंवा तळ्यांतलें मऊ पाठीचें कासव काय, घरीं ठेवणें हा गुन्हा आहे; शुभ म्हणून ठेवलें होतें, ही सबब न्यायालयांत चालत नाहीं.

आतां योग्य मार्गानें पिल्लूं घरीं आलें असें धरूं. तें ठेवावयाचें कोठें? पुष्कळांचा पहिला विचार कांचेच्या पेटीचा असतो. दिसण्यास ती फार छान, पण पिलाला त्यांत ऊन मिळत नाहीं. ऊन म्हणजे केवळ ऊब नव्हे. उन्हांतल्या ज्या अदृश्य किरणांनीं अंगांत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें, ते किरण कांच अडवून धरते. तें जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेला चुना हाडांत मुरत नाहीं, आणि ज्याचें सगळें घरच हाडाचें आहे त्या प्राण्याचें कवच मऊ व वेडेंवांकडें होतें. माणसाच्या मुलांना होणाऱ्या मुडदुसाचाच हा भाऊबंद. कृत्रिम दिव्यांनीं ही उणीव कांहींशी भरून काढतां येते, परंतु सूर्य फुकट आहे. शिवाय कांचेची पेटी उन्हांत नेऊन ठेवली तर ती भट्टी होते, आणि तोळाभर वजनाचा जीव थोड्या मिनिटांत भाजून निघतो. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत पिलाला उघड्यावरचें, पण बंदिस्त, अंगण हवें.

हें अंगण म्हणजे तळाला व माथ्याला जाळी मारलेली एक लांकडी चौकट. एका-दोघां पिलांना चार फूट लांब व दोन फूट रुंद इतकी जागा पुरते. फळ्या दीड-दोन फूट उंचीच्या घेऊन त्यांचा सात-आठ इंच भाग जमिनींत पुरावा. वाळवी लागूं नये म्हणून विषारी औषध चोपडलेलें लांकूड वापरूं नये. तळाला तारेची मजबूत जाळी, तिच्यावर वीतभर माती. वरचें झांकणहि तारेच्या जाळीचें, लांकडी चौकटींत ठोकलेलें आणि बिजागरीवर उघडणारें. जाळीचीं भोकें अर्ध्या इंचाहून मोठीं नसावींत. कोंबडीच्या खुराड्याची पातळ जाळी येथें कामाची नाहीं. रॅकून ती हातानें ओरबाडून फाडतो. हा रॅकून म्हणजे मोठा इरसाल प्राणी. त्याचे पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात, आणि साधी कडी तो रात्रींतून सहज उघडतो. म्हणून कडीला अडकवण असलेंच पाहिजे; कित्येक लोक सरळ कुलूप लावतात. ज्याच्या घरीं असा प्रसंग एकदां घडला, त्याला कुलपाचें महत्त्व सांगावें लागत नाहीं.

जागा अशी निवडावी कीं सकाळचें कोंवळें ऊन आंत येईल आणि दुपारीं निम्म्याहून अधिक भाग सावलींत राहील. पिल्लूं स्वतःच्या अंगाची ऊब स्वतः निर्माण करूं शकत नाहीं; तें उन्हांत येऊन तापतें आणि सावलींत जाऊन निवतें. ही ये-जा करण्याची सोय असली म्हणजे पुरे, बाकीचें गणित त्याचें तें करतें. ऐंशी-पंचाऐंशी अंश फॅरनहाइट उष्णता त्याला मानवते; नव्वदाच्या पुढें पारा चढूं लागला कीं जपलें पाहिजे. पाऊस पडल्यावर आंत पाणी सांचून राहणार नाहीं, असा थोडा उतारहि हवा.

आंतली व्यवस्था हा या कामाचा गाभा होय, आणि नवशिक्यांची चूक येथेंच होते. चौकट धुऊनपुसून स्वच्छ ठेवावी, आंत हिरवळीचा गालिचा असावा, मधोमध पिल्लूं दिसावें, अशी पाहुण्यांना दाखविण्याची हौस त्यांना असते. पिलाला हें सर्व जाच वाटतें. त्याला हवी ओलसर भुसभुशीत माती, तिच्यावर तीन-चार बोटें कुजका पालापाचोळा, एका कोपऱ्यांत ओलें शेवाळ, एखादा पोकळ कुजट ओंडका, दोन-चार नेचे किंवा गवताचे झुबके. रानांत पिलें दिसत नाहींत तीं याच कारणानें. तीं ओलींत, अंधारांत, पाल्याखालीं असतात. एवढ्याशा अंगांतलें पाणी कोरड्या हवेंत भराभर उडून जातें, आणि जीं पिलें दगावतात त्यांतलीं पुष्कळशीं उपासानें नव्हे तर कोरडेपणानें दगावतात. म्हणून उन्हाळ्यांत रोज सकाळीं झारीनें पाला शिंपावा. पाण्यासाठीं कुंडीखालची उथळ थाळी मातींत कांठापर्यंत पुरून ठेवावी. पाणी पिलाच्या हनुवटीच्या वर जाऊं देऊं नये. पेटी-कासव नांवानें टर्टल असलें तरी तें जमिनीवरचें रहिवासी आहे, आणि पिल्लूं तर अंगुळभर पाण्यांतहि उलटें होऊन बुडूं शकतें. त्याच थाळींत तें पाणी पितें, बसतें आणि घाणहि करतें. म्हणून पाणी रोज बदलावें.

खाण्याच्या बाबतींत पिल्लूं पक्कें मांसाहारी असतें. मोठेपणीं तें रानबोरें, भूछत्रें, पानें असें सर्व कांहीं खाऊं लागतें. माणसाला विषारी असणारीं भूछत्रेंसुद्धां त्याला पचतात, आणि अशा कासवाचें मांस खाऊन माणसांना विषबाधा झाल्याचें सांगतात. पण पहिलीं वर्षें हालचाल करणारें भक्ष्य पाहिल्याखेरीज त्याची भूक जागी होत नाहीं. लहान गांडुळें, गोगलगाईंचीं पिलें, ओल्या लांकडाखालीं मिळणारे बारीक करड्या रंगाचे किडे हें त्याचें आवडतें जेवण. त्या कुजट ओंडक्याचा उपयोग येथें कळतो. तो घर तर आहेच, पण कोठारहि आहे. हळूहळू किसलेला तांबडा भोपळा, गाजर, पिकल्या स्ट्रॉबेरीचा तुकडा गांडुळाच्या तुकड्यांत मिसळून द्यावा. हीं पिवळीं-तांबडीं फळें केवळ चवीसाठीं नव्हेत. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलें कीं कासवाच्या पापण्या सुजून डोळे मिटतात आणि कानाच्या जागीं गळवासारखी गांठ येते. तसें दिसल्यास घरगुती उपचार करीत न बसतां पशुवैद्य गांठावा. चुन्यासाठीं समुद्रफेनाचा एक तुकडा आंत टाकून ठेवावा. आपल्या वैद्यांच्या बटव्यांतला हा समुद्रफेन तिकडे पिंजऱ्यांतल्या पांखरांसाठीं दुकानांत मिळतो. दूध, पोळी, भात हें कासवाचें अन्न नव्हे. ज्या बागेंत कीटकनाशक फवारलें असेल, तेथलें गांडूळ उचलूंच नये.

हिंवाळ्याबद्दल जाणत्यांत दोन मतें आहेत. रानांत थंडी पडली कीं पेटी-कासव मातींत शिरून वसंतापर्यंत निजतें. शरीरांतल्या पाण्याचा मोठा भाग गोठूनहि प्रौढ कासव पुन्हां जिवंत हालचाल करूं लागल्याचे प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाले, इतकें तें चिवट आहे. कांहींजण म्हणतात, ही झोंप निसर्गानें दिलेली आहे, ती पिलालाहि द्यावी. दुसरे म्हणतात, पहिल्या वर्षीं अंगांत सांठा नसतो, तेव्हां त्याला घरांत उबेला ठेवावें. दुसरें मत नवशिक्याला अधिक श्रेयस्कर. मात्र अर्धवट प्रकार सर्वांत वाईट. ज्या थंडींत झोंपहि लागत नाहीं आणि अन्नहि पचत नाहीं, अशा बेताच्या गारठ्यांत पिल्लूं खंगत जातें. घरांत ठेवावयाचें तर ऊब, दिवा आणि ओल पुरी द्यावी.

मुलांच्या संबंधीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कासव दिसण्यांत निरोगी असलें तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात, आणि त्यांपासून लहान मुलांना जोराचे जुलाब व ताप येतो. अमेरिकेंत दुकानांतलीं चिमुकलीं कासवें हाताळून, प्रसंगीं तोंडांत घालून, इतकीं मुलें आजारी पडलीं कीं १९७५ सालीं तेथील सरकारनें चार इंचांहून लहान कासवें विकण्यास मनाई केली. शिक्षणासाठीं व शास्त्रीय कामासाठीं अपवाद आहेत, खेळण्यासाठीं नाहीं. म्हणून थाळी धुतल्यावर, पिल्लूं हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि तें भांडें स्वयंपाकघरांतल्या मोरींत नेऊं नये. पांच वर्षांखालील मुलांनीं तें हातीं घेऊंच नये. पिलालाहि उचललेलें आवडत नाहीं. जमीन सुटली कीं त्याला कावळ्यानेंच उचलल्यासारखें होतें.

त्यापेक्षां पाहावें. सकाळीं शिंपण झाल्यावर पाय न वाजवितां चौकटीपाशीं बसावें. पाल्यांत कोठेंतरी एक पान हालतें, एक पिवळट डोकें बाहेर येतें, मान तिरकी करून गांडुळाकडे टक लावतें, आणि एकदम झडप पडते. आठवड्यांतून एकदां तेवढें तराजूंत घालून वजन टिपून ठेवावें. वजन हळूहळू चढत जाणें हेंच चांगलें. भराभर चढूं लागलें तर अन्न अधिक होत आहे असें समजावें, आणि उतरूं लागलें तर पहिली शंका कोरडेपणाची घ्यावी. डोळे उघडे व चकचकीत, नाकातोंडाशीं फेंस नाहीं, चालतांना अंग जमिनीपासून उचललेलें, एवढें असलें म्हणजे प्रकृति ठीक आहे.

अशीं कांहीं वर्षें गेल्यावर एके दिवशीं हात लावतांच पिलाच्या पोटाकडील झडप थोडी हालते, पण पुरती मिटत नाहीं. पुढें केव्हांतरी ती पुरती मिटते. त्यानंतर त्याला मोठें अंगण द्यावें लागतें. मोठ्या कासवाला या जागा फार लहान पडतात, आणि तें फळ्यांच्या कोपऱ्यांतून चढून जाण्यांत वाकबगार असतें, म्हणून कोपऱ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकाव्या लागतात. कंटाळा आला म्हणून तें रानांत सोडून देतां येत नाहीं. त्याला स्वतःचें असें रान नसतेंच, आणि पिंजऱ्यांतले रोग तें रानांतल्या कासवांना देऊन बसतें. पेटी-कासव तीस-चाळीस वर्षें सहज जगतें, कित्येक त्याच्या पुष्कळ पुढें जातात. साठीच्या माणसानें आज पिल्लूं आणलें, तर त्याच्यामागें तें कोणाच्या अंगणांत जावयाचें हें त्यानें चौकट ठोकण्यापूर्वींच मुलानातवंडांशीं बोलून ठरविलें पाहिजे.